शंभरातली माणसे किती?

मोबाइलवर पब्जी पहिल्यांदा उघडलेल्या पोरांपैकी अनेकांना पहिल्या दोन-तीन सामन्यांतच ‘चिकन डिनर’ मिळाले. शंभर जण विमानातून एका बेटावर उतरतात, एकमेकांना टिपत जातात आणि शेवटी उरेल तो जिंकतो, त्याला ‘चिकन डिनर’ मिळते, असा हा खेळ. २०१८ मध्ये तो मोबाइलवर आला आणि नागपुरात धरमपेठेपासून नंदनवनापर्यंत पानठेल्यांच्या बाकांवर, कॉलेजच्या पायऱ्यांवर, शिकवणी वर्गांच्या बाहेर चार-चार पोट्टे माना खाली घालून बसलेले दिसू लागले. पहिल्याच दिवशी नव्व्याण्णव जणांना लोळवल्याची बढाई ज्याने त्याने मारून घेतली. ती फार टिकली नाही. आधीपासून खेळणारा कुणीतरी भाऊ शेजारी असायचाच. तो शांतपणे सांगायचा, ‘‘अबे, ते बॉट होते.’’

बॉट म्हणजे कंपनीनेच खेळात सोडलेला यंत्रखेळाडू. त्याचे नाव माणसासारखे, कपडे माणसासारखे. फक्त तो सरळ रेषेत धावतो, गोळी झाडण्याआधी जरा थबकतो आणि नेम चुकवतो. नवख्याने पहिल्याच दिवशी मार खाऊन खेळ काढून टाकू नये, म्हणून खालच्या पायऱ्यांवरच्या सामन्यांत ही भरती केलेली असते. ‘फोर्टनाइट’ या अशाच दुसऱ्या खेळाच्या कंपनीने, एपिक गेम्सने, आपण बॉट आणत असल्याचे २०१९ मध्ये जाहीरच करून टाकले. पडद्यावर शंभरचा आकडा दिसतो. त्यांतली माणसे किती, हे मात्र खेळणाऱ्याने अंदाजाने ओळखायचे.

जाहिरातीत शब्द तरीही एकच असतो: मल्टिप्लेअर. अनेकांनी मिळून खेळण्याचा खेळ. हा शब्द आता इतका सैल झाला आहे की गुणतक्त्यात चार अनोळखी नावे दिसली तरी तो चिकटवला जातो. त्याची परीक्षा घ्यायला एक साधी रीत आहे. समोरच्या खेळाडूला हळूच उठवायचे, त्याच्या जागी घड्याळ, फासा किंवा बॉट बसवायचा आणि उरलेल्याच्या खेळात काही बदलते का ते बघायचे. काहीच बदलत नसेल, तर तिथे दुसरा खेळाडू मुळात नव्हता.

गंमत अशी की व्हिडिओ गेमचा जन्मच दोघांच्या खेळातून झाला. १९५८ मध्ये अमेरिकेतल्या ब्रूकहेवन प्रयोगशाळेत विल्यम हिगिनबॉथम या भौतिकशास्त्रज्ञाने ऑसिलोस्कोपच्या वाटोळ्या काचेवर टेनिस उभे केले, त्याचे नावच ‘टेनिस फॉर टू’. १९६२ मध्ये एमआयटीत स्टीव्ह रसेल आणि त्याच्या मित्रांनी केलेल्या ‘स्पेसवॉर’मध्येही दोन याने आणि दोन माणसे. १९७२ मध्ये अटारीचे ‘पाँग’ कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेल गावच्या एका दारूच्या गुत्त्यात बसवले, तेव्हा त्यात एकट्याने खेळण्याची सोयच नव्हती. असणार कशी? त्या यंत्रात प्रोसेसर नव्हता, प्रोग्रॅम नव्हता, माणसाविरुद्ध फळी हलवण्याइतकी अक्कल नव्हती. नाणे टाकायचे तर जोडीदार शोधून आणणे भाग होते. थोड्याच दिवसांत ते यंत्र बंद पडल्याची तक्रार आली; उघडून बघितले तर नाण्यांची पेटी भरून वाहत होती. एकट्याने खेळायचे नावाजलेले खेळ, ‘ब्रेकआउट’ (१९७६) आणि ‘स्पेस इन्व्हेडर्स’ (१९७८), त्यानंतरचे. म्हणजे ‘सिंगल प्लेअर’ हीच नंतरची सुधारणा आहे.

नागपूरच्या घराघरांत हा प्रकार पोचला तो १९९० च्या दशकात, आणि तोही मे महिन्यात. पारा पंचेचाळीसच्या पुढे गेला की दुपारी बारा ते पाच या वेळात कुठलीही आई पोराला बाहेर सोडत नसे. कूलरच्या समोर चटई, टीव्हीला जोडलेला ‘मीडिया’ नाहीतर ‘समुराई’चा डबा, दोन कंट्रोलर आणि ‘९९९९ इन वन’ असे खुशाल छापलेली एक पिवळी कॅसेट. तिच्यात प्रत्यक्षात पंधरा-वीस खेळच उलटसुलट क्रमाने पुन्हा पुन्हा यायचे. कॅसेट चालली नाही की बाहेर काढून तिच्या खाचेत फुंकर मारायची. जपानच्या निन्टेन्डो कंपनीच्या यंत्राच्या या नकला होत्या, हे कुणाला ठाऊक नव्हते आणि त्याने कुणाचे अडतही नव्हते.

त्या कॅसेटमधले दोन खेळ सगळ्यांच्या ओळखीचे: मारिओ आणि काँट्रा. दोघांच्याही पहिल्या पडद्यावर एक खेळाडू आणि दोन खेळाडू असे दोन पर्याय असत. पोरांनी मात्र पहिल्याच दुपारी ओळखले की ही दोन वेगळी प्रकरणे आहेत.

१९८५ च्या ‘सुपर मारिओ’त दोघे खेळायचे म्हणजे आळीपाळीने खेळायचे. मारिओ मेला की लुइजीची पाळी. ज्याच्या हातात कंट्रोलर नाही, त्याने बसून बघायचे आणि मनातल्या मनात देवाला म्हणायचे की हा लवकर खड्ड्यात पडू दे. मोठा भाऊ सराईत असेल तर धाकट्याची दुपार टीव्ही बघण्यातच जाई. धाकट्याने काय केले, यावर मोठ्याच्या खेळातली एक वीटसुद्धा हलत नसे. त्याच्या जागी गजराचे घड्याळ ठेवले असते तरी चालले असते.

कोनामी कंपनीचा ‘काँट्रा’ (१९८७) वेगळा. इथे निळा आणि लाल असे दोन बंदूकधारी एकाच पडद्यावर, एकाच वेळी. त्यातली तिसरी पातळी धबधब्याची. उड्या मारत वर वर चढायचे. जो पुढे जाईल त्याच्याबरोबर पडदा वर सरकतो, आणि खाली राहिलेला पडद्याच्या काठाखाली गेला की मरतो. शत्रूची एक गोळी न लागता, निव्वळ सोबत्याच्या घाईने मरतो. विदर्भातल्या एका पिढीने ‘‘थांब नं बे, वर नको जाऊ!’’ हे वाक्य त्या धबधब्यावर शिकले. पुढे ‘एस’ अक्षराची बंदूक उडत येई, एकाच वेळी पाच गोळ्या फेकणारी. ती एकच, खेळणारे दोन. कोणी घ्यायची? आधी मेलेल्याने, की चांगला नेम असलेल्याने, की ज्याच्या घरचा टीव्ही आहे त्याने? आणि एकाचे जीव संपले की तो दुसऱ्याच्या शिलकीतला जीव घेऊ शकत असे. न विचारता घेतलेल्या त्या एका जीवावरून मे महिन्यात झालेला अबोला शाळा उघडेपर्यंत चालल्याची उदाहरणे प्रत्येक गल्लीत सापडतील.

‘काँट्रा’ इतका जिव्हाळ्याचा झाला त्यात चित्रांचा किंवा बंदुकांचा वाटा कमी होता. सोबती चुकला तर आपण मरतो, आपण उतावळे झालो तर तो मरतो, हे तिथे पहिल्या मिनिटाला कळत असे. संकट एकच असते, पडदा एकच असतो आणि साधने मोजकी असतात. मग माणसांना एकमेकांशी बोलावेच लागते. खेळ घडवणाऱ्याने इतके जमवले की पुढचे काम पोरेच करतात.

जाता जाता एक गोष्ट. त्याच कॅसेटवर ‘डक हंट’ नावाचा बदके मारायचा खेळ होता. बंदूक एकच, म्हणून सगळे तो एकट्याने खेळत. प्रत्यक्षात त्याच्या पहिल्या प्रकारात दुसरा कंट्रोलर हातात घेतला की उडणारे बदक चालवता येत असे. ज्या घरात हे कुणाच्या चुकून लक्षात आले, तिथे एका क्षणात खेळाची जात बदलली: बंदूकवाल्याला आता बदकाच्या उड्डाणाचा नाही, बहिणीच्या मनाचा अंदाज घ्यावा लागे. बाकीच्या घरांत तो कंट्रोलर नुसता पडून राहिला.

मनाचा अंदाज घेण्याचा हा प्रकार नागपूरला नवा मुळीच नव्हता. संक्रांतीला महालात, इतवारीत, पाचपावलीत एखाद्या गच्चीवर उभे राहून बघावे. पतंग उडवणारा एक, मागे चक्री धरणारा एक. समोरचा पतंग कुणाचा, हे बहुतेक वेळा माहीतच नसते. तो तीन गल्ल्या पलीकडे, कुठल्यातरी टाकीआड उभा असतो. त्याचे तोंड दिसत नाही, नाव कळत नाही. तरी पेच लागला की मांजातून बोटाला त्याचा हात कळतो. हा ढील देणारा आहे की खेचणारा, घाबरट आहे की मुद्दाम खाली येऊन फसवतो आहे, हे दोन मिनिटांत उमगते आणि त्याप्रमाणे आपली बोटे वागतात. कटला की ‘ओ काट!’ची आरोळी, आणि तीन गल्ल्यांपलीकडून एक शिवी. अनोळखी माणसाबरोबर, तोंड न बघता, लांबून खेळण्याचा खेळ इंटरनेटने शोधून काढला असे ज्यांना वाटते, त्यांनी १४ जानेवारीला नागपुरात यावे.

नायलॉनच्या मांजाने काय बिघडवले तेही याच नजरेने बघण्यासारखे आहे. पक्ष्यांचे आणि दुचाकीवाल्यांचे गळे कापणाऱ्या या मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये देशभर बंदी घातली, हे योग्यच झाले. पण गळ्यांइतका नाही, तरी त्याने खेळाचाही गळा कापला होता. जो मांजा तुटतच नाही त्याच्याशी पेच कसला? ऑनलाइन खेळात आपोआप नेम धरणारे चोरटे प्रोग्रॅम वापरणारे हॅकर तेच करतात.

पतंगाच्या पेचात आणि मोबाइलवरच्या चकमकीत एक फरक मात्र मोठा आहे, आणि तो खेळणाऱ्यांना फारसा ठाऊक नसतो. मांज्याची ओढ बोटाला तत्काळ कळते. इंटरनेटवर ‘तत्काळ’ असे काही नसते. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो. नागपूर ते सिंगापूर हे अंतर सरळ रेषेत साडेतीन हजार किलोमीटरच्या घरात. सर्व्हर सिंगापूरला असेल तर जाऊन-येऊन सात हजार किलोमीटर, म्हणजे काहीही केले तरी किमान ३५ मिलिसेकंद. वाटेतली वळणे आणि यंत्रे धरली की त्याहून बरेच जास्त. देशाचा मध्य म्हणून ओळखला जाणारा झिरो माइलचा दगड गावात असून काही उपयोग नाही. सर्व्हर देशाच्या मध्यावर थोडाच बसवतात. या जाण्या-येण्याच्या विलंबालाच पोरे ‘पिंग’ म्हणतात आणि तो वाढला की टॉवरला शिव्या घालतात.

याचा अर्थ, एका मैदानात समोरासमोर उभे असलेले दोन खेळाडू कधीच एकच क्षण बघत नसतात. प्रत्येकाच्या पडद्यावर दुसऱ्याचा थोडा शिळा अवतार असतो. मग गोळी लागली की नाही, हे ठरवायचे कोणी? बहुतेक गोळीबाराच्या खेळांत सर्व्हर काळ किंचित मागे फिरवतो: झाडणाऱ्याच्या पडद्यावर त्या क्षणी समोरचा कुठे दिसत होता ते बघतो आणि तसा निकाल देतो. म्हणूनच ‘‘अबे, मी तर भिंतीआड गेलो होतो, तरी मेलो!’’ ही तक्रार खरी असते आणि निकालही खरा असतो. दोन भूतकाळांची तडजोड करून ‘आता’ असा भास उभा करायचा, हे मल्टिप्लेअर खेळातले सर्वांत अवघड काम. शंभर जणांचे बेट ही त्याच्या मानाने सोपी गोष्ट.

ही तडजोड करावी लागत नसे ती सायबर कॅफेत. २००० नंतरच्या काही वर्षांत ज्यांनी तासाला ठरलेले पैसे मोजून ‘काउंटर-स्ट्राइक’ खेळले, ते आज चाळिशीला टेकले आहेत. मिन्ह ली आणि जेस क्लिफ या दोन तरुणांनी १९९९ मध्ये दुसऱ्याच एका खेळावर कलम करून हा खेळ बांधला, आणि पुढच्या वर्षी वाल्व्ह कंपनीने तो विकायला काढला. कॅफेतले आठ-दहा संगणक एका तारेने जोडलेले. पिंगचा प्रश्न नाही. शत्रू पाठीला पाठ लावून पलीकडच्या खुर्चीवर. प्रत्येक फेरीत पैसे मिळतात, त्यांतून बंदुका घ्यायच्या. एखाद्याकडे जास्त असतील तर तो महागडी बंदूक घेऊन सोबत्यासाठी जमिनीवर टाकतो. ‘‘भाऊ, एक ड्रॉप दे नं’’ या विनंतीवर ज्यांची मैत्री पारखली गेली, त्यांना पुढे कर्जाचे जामीनदार शोधायला सोपे गेले असावे.

त्या कॅफेत एक अलिखित नियम होता: मेलेल्याने बोलायचे नाही. फेरी संपेपर्यंत मेलेल्याला जिवंतांचा पडदा दिसतो, शत्रू कुठे लपला तेही दिसते. सांगितले तर खेळ संपतो. सॉफ्टवेअर हे रोखू शकत नव्हते, खुर्चीवरचे पोरच रोखू शकत होते. मारिओमधला बघत बसलेला धाकटा आणि इथला गप्प बसलेला मेलेला, दोघेही थांबलेलेच. पण या दुसऱ्याच्या गप्प बसण्यावर सगळ्या टोळीचा खेळ उभा होता.

आता दुसरी बाजू. २००९ मध्ये आलेले ‘फार्मव्हिल’ आणि २०१२ चे ‘कँडी क्रश’ हे मित्रांचे खेळ म्हणून पसरले. त्यात मित्रांचे काम काय? जीव संपला की विनंती पाठवायची, मावसबहिणीने बटण दाबायचे, एक जीव मिळायचा. मावसबहिणीने काय विचार केला, ती जागी होती की झोपली होती, याने कँडी इकडची तिकडे होत नाही. ‘काँट्रा’तही सोबत्याचा जीव मिळायचा, पण तो त्याच्या पोटातून काढलेला असायचा. इथला जीव कंपनीच्या कोठारातला; मावसबहीण नुसती खिडकीवरची कारकून. अशा खेळांना मल्टिप्लेअर म्हणणे म्हणजे एकाच दुकानातून साखर नेणाऱ्यांना कुटुंब म्हणण्यासारखे आहे.

याच्या नेमके उलटे उदाहरण ‘जर्नी’ या २०१२ च्या खेळाचे. त्यात वाळवंटातून एका डोंगराकडे चालत जायचे असते. मध्येच दुसरा कुणी तसाच झगा घातलेला वाटसरू भेटतो. तो जगात कुठेतरी बसलेला खरा माणूस असतो, पण त्याचे नाव दिसत नाही, त्याच्याशी बोलता येत नाही. फक्त एक किणकिण वाजवता येते. दोघे जवळ आले की एकमेकांच्या अंगच्या ऊबेने पुन्हा उडता येते. गुण नाहीत, जिंकणे-हरणे नाही. माणसे दोनच, संभाषण शून्य, आणि तरीही सोबतीचा वाटसरू थांबला की पाय अडखळतात. २०२१ च्या ‘इट टेक्स टू’ने तर एकट्याने खेळण्याचा रस्ताच बंद केला, एकाच्या हाती हातोडा, दुसऱ्याच्या हाती खिळे, आणि एकाने खेळ विकत घेतला की दुसऱ्याला तो मित्राच्या नावाने फुकट. ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये त्या वर्षीचा सर्वोत्तम खेळ तोच ठरला. ‘पाँग’च्या लाचारीतून निघालेला नियम पन्नास वर्षांनी कुणीतरी हौसेने पुन्हा लावला.

आपल्याकडे हा नियम त्याहून कितीतरी जुना आहे. पचिसीच्या पटावर चार जण बसतात, पण बाजू दोनच. समोरासमोरचे दोघे भिडू. एकाच्या सोंगट्या आधी घरी पोचल्या म्हणून तो जिंकत नाही, भिडूच्याही पोचाव्या लागतात. म्हणून घराच्या तोंडाशी आलेली सोंगटी आत न नेता पुन्हा एक फेरा मारायला काढायची, वाटेत भिडूच्या मागे लागलेल्यांना मारायचे, अशी मुभा जुन्या नियमांत आहे. स्वतःचे काम झाल्यावर भिडूसाठी परत उन्हात उतरणे! इंग्लंडमध्ये १८९६ मध्ये या खेळाचे ‘लुडो’ नावाने पेटंट घेतले गेले. कवड्यांच्या जागी फासा आला, नियम सुटसुटीत झाले आणि भिडू गळाला. चौघे चार दिशांना, ज्याचा त्याचा रंग.

तोच लुडो नवी मुंबईच्या गेमेशन कंपनीने २०१६ मध्ये ‘लुडो किंग’ म्हणून मोबाइलवर आणला, आणि २०२० च्या टाळेबंदीत तो घराघरांत शिरला. त्या वर्षी त्यात खेळता खेळता बोलण्याची सोय आली, आणि बघता बघता नागपूरची आजी, पुण्याचा काका आणि न्यू जर्सीतली नात एका पटावर बसली. फासा संगणकाचा, डावपेच जेमतेम. आजीच्या जागी बॉट बसवला असता तर सोंगट्यांना काही कळले नसते. कसोटीवर हा खेळ नापास व्हायला हवा. पण आजी नातीची सोंगटी मारायची सोडून मुद्दाम दुसरी चालते, नात ओरडते, ‘‘आजी, तू चीटिंग करतेस, मला मार नं!’’ हे बॉटला जमणार नाही. नियमांतून हाकललेला भिडू आवाजातून परत आला. घड्याळाची कसोटी इथे थोडी तोकडी पडते, हे मान्य केले पाहिजे.

माणसाच्या जागी यंत्र बसले की नेमके काय हरवते, हे नागपूरला बुद्धिबळाने दाखवले. जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातल्या बातुमीत महिला विश्वचषकाच्या अंतिम फेरीत नागपूरची १९ वर्षांची दिव्या देशमुख आणि कोनेरू हंपी समोरासमोर बसल्या. दिव्याच्या जन्माआधीच, २००२ मध्ये, हंपी ग्रँडमास्टर झाली होती. दोन संथ डाव बरोबरीत सुटले. २८ जुलैला जलद डाव झाले. दुसऱ्या जलद डावात वेळ संपत आला, हंपीच्या चाली चुकल्या आणि दिव्या विश्वचषक घेऊन, ग्रँडमास्टर होऊन नागपूरला परतली. आज कुठल्याही फोनमधले बुद्धिबळाचे इंजिन या दोघींना सहज हरवेल. १९९७ मध्ये जगज्जेत्या कास्पारोव्हला हरवल्यापासून यंत्रे पुढेच गेली आहेत. पण इंजिनाला घड्याळाची भीती वाटत नाही, ते अनुभवी प्रतिस्पर्ध्याला दबकत नाही. बातुमीत पटावर सोंगट्यांइतकेच दडपण खेळत होते. ऑनलाइन बुद्धिबळात समोरचा चोरून इंजिनाच्या चाली खेळतो आहे अशी नुसती शंका आली तरी डावातला जीव जातो, तो याच कारणाने.

आणि शंका येऊच नये अशी तजवीज करणारेही असतात. जुलै २०२३ मध्ये नागपूर पोलिसांकडे एका व्यापाऱ्याची तक्रार आली: ऑनलाइन जुगारात त्याचे ५८ कोटी रुपये गेले. पोलिसांनी गोंदियात छापा टाकला तेव्हा कोट्यवधींची रोकड आणि किलोंनी मोजावे लागेल इतके सोने सापडले. तक्रारीप्रमाणे त्याने मध्ये काही कोटी जिंकलेही होते. प्रकरणाचा निकाल न्यायालय देईल. पण नवख्याला आधी थोडे जिंकू द्यायचे, ही युक्ती पब्जीतल्या त्या पहिल्या चिकन डिनरची थोरली बहीण वाटते. तिथे फार तर बढाई वाया जाते.

पत्त्यांच्याही एका वादाची आठवण निघणारच. जुलै २०२५ मध्ये तत्कालीन कृषिमंत्री माणिकराव कोकाटे विधान परिषदेत मोबाइलवर रमी खेळत असल्याचा आरोप एका चित्रफितीवरून झाला. त्यांनी तो फेटाळला. पुढे त्यांचे कृषी खाते जाऊन क्रीडा खाते आले. महिनाभर राज्यात चर्चा झाली ती खेळले की नाही याची. खेळात समोर कोणी होते का, हा प्रश्न कुणाला सुचला नाही.

संसदेलाही तो फारसा सुचलेला नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये मंजूर झालेल्या ऑनलाइन गेमिंगच्या कायद्याने खेळांचे तीन कप्पे केले: ई-स्पोर्ट, सामाजिक खेळ आणि पैशाचा खेळ. तिसऱ्यावर बंदी, पहिल्या दोघांना उत्तेजन. ई-स्पोर्टला त्याआधी डिसेंबर २०२२ मध्येच बहुक्रीडा स्पर्धांतला प्रकार म्हणून सरकारी मान्यता मिळाली होती. पैसा ही सीमारेषा ठीक आहे. घरे बुडताना बघितल्यावर ती ओढावीच लागली. पण पैसा नसलेल्या खेळातही गिऱ्हाईक वेळ देते, कपड्यालत्त्यांचे आणि बंदुकांच्या रंगांचे दाम मोजते, आणि ते सगळे ‘इतर माणसे बघताहेत’ या भरवशावर. तो भरवसा खोटा असेल तर ती फसवणूकच आहे.

भरवशाचा दुसरा भाग सर्व्हरचा. २ सप्टेंबर २०२० ला केंद्राने पब्जी मोबाइलवर बंदी घातली, ३० ऑक्टोबरला सेवा पूर्ण थांबली. जुलै २०२१ मध्ये तो ‘बीजीएमआय’ या नावाने परतला, जुलै २०२२ मध्ये पुन्हा गायब, मे २०२३ मध्ये पुन्हा हजर. युबिसॉफ्टचा ‘द क्रू’ हा मोटारींचा खेळ एकट्यानेही खेळता येत असे, पण सर्व्हरला विचारल्याशिवाय सुरू होत नसे. ३१ मार्च २०२४ ला कंपनीने सर्व्हर बंद केला आणि पैसे मोजून घेतलेला खेळ संपला. त्यावरून युरोपात सुरू झालेल्या मोहिमेला दहा लाखांहून जास्त सह्या मिळाल्या. इकडे ती पिवळी कॅसेट अजून फुंकर मारली की चालते.

नव्या कायद्यात खेळांची वर्गवारी आणि नोंदणी करणाऱ्या प्राधिकरणाची तरतूद आहे. त्याच्या अर्जात दोन रकाने वाढवायला फारसा खर्च येणार नाही. पहिला: प्रत्येक सामन्यात यंत्रखेळाडू किती, हे खेळणाऱ्याला सामना संपल्यावर पडद्यावर दाखवले जाईल का. दुसरा: कंपनीने सर्व्हर बंद केला तर दोन माणसांना एका खोलीत बसून हा खेळ खेळता येईल का. आणि घरच्यांनीही पोराला ‘किती वेळ झाला?’ एवढेच विचारण्यापेक्षा एकदा शेजारी बसून ‘कोण आहे रे समोर?’ म्हणून विचारावे. उत्तराला वेळ लागला तर दुसरा कंट्रोलर मागून घ्यावा.